घरातला ट्रेनर विरुद्ध सिंहगड: सात महिने दोन्हीकडे घाम गाळून झाल्यावर

आधीच सांगते, ट्रेनरच्या (म्हणजे आपलीच सायकल घरात जागेवर चालवता येते त्या मशीनच्या) कंपनीचं नाव टाकणार नाहीये, दुकानाचं पण नाही, कारण खाली थोडी कुरकुर आहे आणि मला कुणाशी भांडत बसायचं नाहीये. प्रकार सांगते, त्यावरून ज्याला कळायचं त्याला कळेल. डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनर, म्हणजे सायकलचं मागचं चाक काढून बाजूला ठेवायचं आणि चेन थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर) चढवायची. आत फ्लायव्हील (फिरणारं जड चाक), इलेक्ट्रॉनिक ब्रेक, ॲपला वायरशिवाय जोडायला ब्लूटूथ आणि अँट प्लस, ॲपमधल्या रस्त्यावर चढ आला की हा आपोआप जड होतो. दुसरा प्रकार असतो व्हील-ऑन, त्यात टायर रोलरवर घासतो, तो स्वस्त पडतो पण टायर झिजतो, जोर लावला की घसरतो आणि आकडे पण जास्त हलतात. मैत्रिणीकडे आहे, चालवून बघितला, नको वाटला.

घेतला का? तर जून संपता संपता शिवण्याच्या पुढे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं आणि हनुवटीला तीन टाके पडले. घरी एकमताने ठराव पास, पावसाळ्यात बाहेर सायकल बंद. मी म्हटलं ठीक आहे, मग मला घरात सायकल पाहिजे, आणि नवऱ्याने टाक्यांकडे बघून काही न बोलता कार्ड दिलं, ही संधी परत येत नसते.

दुकानात बॉक्स दिला, बिल दिलं, चहा पण दिला, फक्त हे नाही सांगितलं की या मॉडेलमध्ये कॅसेट येत नाही, ती वेगळी घ्यायची. घरी येऊन बॉक्स उघडला, सायकल काढली, आणि चेन चढवायला तिथे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी परत गेले, कॅसेट घेतली, घरी आले, तर माझ्या सायकलला थ्रू ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा दांडा), त्याचा अडॅप्टर वेगळा. तिसरी चक्कर. वारज्याहून पेठेत संध्याकाळी सहा वाजता तीन वेळा जाऊन या, मग कळेल. सगळं मिळून साठ हजाराच्या पुढे गेलं. त्यामुळे घेताना दुकानात उभं राहून विचारा, कॅसेट आहे का, किती स्पीडची, माझ्या ॲक्सलला बसतं का, आणि शक्यतो सायकलच घेऊन जा.

आता मुद्द्याचं. मला वाटलेलं घरात म्हणजे सोपं. ट्रॅफिक नाही, कुत्री नाहीत, राँग साइडने येणारे नाहीत, वारा नाही, चढ आपण सांगू तेवढाच. पहिल्या दिवशी झ्विफ्ट लावलं (स्क्रीनवरच्या रस्त्यांवर सायकल चालवायचं ॲप), एक तास करू म्हटलं आणि पंचविसाव्या मिनिटाला हँडलवर डोकं टेकवून बसले. पायांच्या ताकदीचा आकडा बघितला तर सरासरी १०५ वॉट. मी मे महिन्यात सिंहगड चढून गेलेली बाई, एक तास बावीस मिनिटं लागली पण कुठेही न उतरता गेलेली, आणि इथे घरातल्या घरात पंचवीस मिनिटांत खलास? मला पक्कं वाटलं की मशीन कमी दाखवतंय. कस्टमर केअरला मेल पण टाकला, त्यांचं उत्तर आलं कॅलिब्रेशन करा, केलं, तोच आकडा.

ही शंका तशीच मनात राहिली आणि डिसेंबरात मावसभावाकडून पॉवर मीटरवाली (वॉट मोजणारी) पेडलं पंधरा दिवसांसाठी ढापली. ती सायकलला लावली, सायकल ट्रेनरला लावली, आणि दोन्हीचे आकडे शेजारी शेजारी लावून बसले. पेडल म्हणे १२४, ट्रेनर म्हणे १२०. दहा वेळा बघितलं, तीन-चार वॉटचाच फरक. आणि तो असायलाच पाहिजे, कारण पेडल पायाखाली मोजतं आणि ट्रेनर मागे, चेनचा टप्पा ओलांडल्यावर, मधे चेन आणि गिअरच्या घर्षणात दोन-तीन टक्के जातातच. वर प्रत्येक मशीनची स्वतःची एक-दोन टक्के चूक. म्हणजे मशीन बिचारं खरं बोलत होतं. वॉट तेवढेच होते, मीच जास्त दमत होते. का?

उष्णता, दुसरं काही नाही. शाळेत शिकलेलं पण लक्षात येत नाही बघा, आपलं शरीर म्हणजे फार उधळं इंजिन आहे, खाल्लेल्या ऊर्जेतली जेमतेम वीस-पंचवीस टक्के पेडलपर्यंत पोचते, बाकी सगळी उष्णता. म्हणजे मी १२५ वॉट काढते तेव्हा अंगातून चारशेच्या वर वॉट उष्णता बाहेर पडायला बघत असते. थंडीत लावतात तो दोन दांड्यांचा हीटर असतो ना, त्यातली एक दांडी साधारण चारशे वॉटची. ती दांडी टीशर्टच्या आत लावून बसल्यासारखं आहे हे. बाहेर वीस-बावीसच्या स्पीडने जाताना वारा आपोआप लागतो, घाम आला की सुकतो, सुकताना अंग गार करतो, आपल्याला घाम आलाय हे पण कळत नाही. घरात मात्र आपण जागेवर, आपल्याभोवतीची हवा पण जागेवर, घाम सुकत नाही, नुसता टपटप खाली. मग शरीर काय करतं, रक्त कातडीकडे वळवतं गार व्हायला, पायांना कमी पडतं, हृदय जास्त पळायला लागतं. वॉट तेच, ठोके चढत जातात.

हे मी करून बघितलं, पेडलं हातात होती म्हणून. तीन वेगळ्या दिवशी, एक-एक तास, १२० च्या आसपास. पहिल्या दिवशी फक्त छताचा पंखा, शेवटच्या दहा मिनिटांत ठोके १७१. दुसऱ्या दिवशी समोर तीन फुटांवर पेडेस्टल फॅन, फुल स्पीड, बाल्कनीचं दार सताड उघडं, १५८. तिसऱ्यांदा सिंहगड, सकाळी सव्वासहाला पायथ्याच्या नाक्यापासून सुरुवात, अंगावर काटा येणारी थंडी, १५६. म्हणजे पंखा लावला की घर आणि गड जवळजवळ सारखेच. साठ हजाराचं मशीन, आणि त्याचा अर्धा जीव साडेतीन हजाराच्या पंख्यात! जुलैत मात्र पंखा लावून पण १६५ च्या खाली येत नव्हते, कारण पुण्यातला जुलै म्हणजे हवाच ओली, त्याच खोलीत दोरीवर चार दिवसांचे न वाळलेले कपडे, घाम सुकणार कुठे. कपड्यांचा स्टँड हॉलमध्ये हलवला तेव्हा थोडा फरक पडला, घरच्यांशी वाद झाला ते सोडा.

एकदा सहज वजन करून बघितलं आधी आणि नंतर. तासात अर्धा लिटर पाणी पिऊन पण नऊशे ग्रॅम कमी. ते सगळं कुठे गेलं तर सायकलवर. हँडलच्या खालचे स्क्रू तिसऱ्या महिन्यात गंजले, मेकॅनिक काका बोटाने चाटल्यासारखं करून म्हणाले, ताई, समुद्रावर गेल्तात का सायकल घेऊन? तेव्हापासून हँडलवर जुना टर्किश टॉवेल आडवा टाकते आणि झालं की ओल्या फडक्याने पुसून घेते. हे मॅन्युअलमध्ये छोट्या अक्षरात असतं, कुणी वाचत नाही.

दुसरं कारण, आणि हे मला फाइल उघडून बघेपर्यंत पटलं नव्हतं. बाहेर आपण जेवढं चालवतो असं वाटतं तेवढं चालवत नाही. रविवारची माझी नेहमीची राइड, शिवणे-उत्तमनगर-कोंढवे धावडे करत खडकवासला, पुढे पानशेत रस्त्याला थोडं आणि परत, ४५ किलोमीटर, दोन तास पाच मिनिटं. त्यात पाय अजिबात न फिरवलेला वेळ काढला तर बावीस मिनिटं! उतारावर, सिग्नलला, स्पीड ब्रेकरच्या आधी, म्हशी रस्ता ओलांडतायत तेव्हा, पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला तेव्हा. ट्रेनरवर ही बावीस मिनिटं नाहीत. पाय थांबले की थोड्या वेळात सगळं थांबतं, आणि ॲपमधली आपली बाहुली लंगडत रस्त्याच्या कडेला उभी. म्हणून लोक म्हणतात ना, घरातला एक तास म्हणजे बाहेरचा दीड, त्यात तथ्य आहे पण सरसकट नाही. सपाट रस्त्याच्या, थांबत-थांबत केलेल्या राइडशी तुलना केली तर खरंय. घाटाशी केली तर नाही.

कारण घाटात पण कुठे आराम असतो? सिंहगडचा चढ साधारण आठ-नऊ किलोमीटर, उंची सातशे मीटरच्या आसपास, मी आणि सायकल आणि बाटली मिळून सत्तर किलो, ते एवढं वर ओढायचं. स्पीड सात-साडेसात. त्या स्पीडला वारा काय लागणार, पाय थांबवले तर सायकल आडवी. म्हणजे घाट चढणं आणि ट्रेनर हे एकाच जातीचे. आणि म्हणूनच ट्रेनरचा सगळ्यात जास्त फायदा मला घाटात दिसला. मे महिन्यात १ तास २२ मिनिटं, डिसेंबरात १ तास १० मिनिटं, सरासरी १२५ वॉट, मधल्या काळात बाहेर मी फार फार तर पाच-सहा वेळा गेले असेन. हवा थंड होती त्याचा वाटा आहेच, पण बारा मिनिटं नुसत्या थंडीने कमी होत नाहीत. वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं, ते ॲपमध्ये मिळत नाही, एक स्टार तिथेच कापला.

अर्ग मोडबद्दल दोन शब्द. यात तुम्ही सांगायचं १२० वॉट, मशीन तेवढेच घेणार, पाय जोरात फिरवले तर हलकं करणार, हळू फिरवले तर जड करणार. व्यायामाचं वेळापत्रक करणाऱ्यांना मस्त, कारण चोरी करता येत नाही. बाहेर १२० ठरवून निघालं तरी प्रत्यक्षात चाळीसपासून तीनशेपर्यंत उड्या असतात, फ्लायओव्हर आला की तीनशे, उतरलो की शून्य. पण अर्ग मोडमध्ये एक खोड आहे. बेल वाजली म्हणून मी एकदा मागे वळून बघितलं, पाय हळू झाले, मशीनने लगेच जड केलं, पाय अजून हळू, अजून जड, चार सेकंदांत पेडल भिंतीसारखं घट्ट. दूधवाला दारात, मी सायकलवर अडकलेली, मुलगा झोपलेला. तेव्हा झगडत बसायचं नाही, पाय सोडायचे, मशीन ढिलं होऊ द्यायचं आणि परत हळूहळू फिरवत सुरू करायचं.

अजून एक गैरसमज, जो माझ्या ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांना आहे. झ्विफ्टमध्ये ट्रेनर डिफिकल्टी नावाचं सेटिंग असतं, मुळात पन्नास टक्क्यांवर येतं. म्हणजे स्क्रीनवर आठ टक्के चढ असेल तर पायाला चार टक्क्यांसारखा लागतो. यावरून एक दादा मला म्हणाले, मग तू अर्धाच घाट चढतेस की! तसं नाही हो. वर पोचायला लागणारे वॉट तेवढेच लागतात, बाहुलीचा स्पीड वॉट आणि वजनावर ठरतो, त्या सेटिंगने फक्त गिअर कमी बदलावे लागतात. फसवायचंच असेल तर वजन खोटं टाका, ६० च्या जागी ५२ टाकलं की बाहुली घाटात उडत जाते, मी एकदा करून बघितलं आणि मग स्वतःचीच लाज वाटून परत ६० केलं (६१ आहे). ॲपमधल्या किलोमीटरकडे तर बघूच नका, तिथे गुळगुळीत रस्ता, ब्रेक नाही, पुढच्याच्या मागे वाऱ्यापासून लपायला मिळतं. वॉट आणि ठोके एवढेच बघायचे, बाकी करमणूक. मासिक पैसे नको असतील तर मायवूश नावाचं तसंच ॲप फुकट आहे, मी आता बहुतेक तेच वापरते.

बूड दुखतं. सभ्य शब्द शोधला, नाही सापडला. बाहेर सायकल तुमच्याखाली डावी-उजवी हलते, खड्डा आला की आपण उठतो, उतारावर सुटतो, नकळत बसण्याची जागा बदलत राहते. ट्रेनरवर सायकल जखडलेली आणि वजन त्याच दोन हाडांवर. पस्तिसाव्या मिनिटाला मुंग्या. आता दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभी राहते, मोबाइलवर गजरच लावलाय, आणि त्याने बऱ्यापैकी सुटलंय. उभं राहून चालवताना मात्र बाहेरसारखी सायकल झोकता येत नाही, तेवढे वॉट काढायला अवघडल्यासारखं होतं.

आवाजाचं. कंपनी म्हणते सायलेंट. मशीन खरंच शांत आहे, आवाज येतो तो चेनचा आणि माझ्या धापांचा. पण खालच्या मजल्याला पोचतो तो आवाज नाही, थरथर. आठव्या दिवशी खालच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या.

"अगं, पहाटे साडेपाचला तू रोज मिक्सर लावतेस का गं?"

"नाही काकू, सायकल चालवते."

"घरात?"

"हो."

काकूंनी दोन मजले विचार केला. "बरं. मग साडेसहानंतर चालव."

जिममध्ये टाकतात ते जाड रबरी मॅट आणलं, त्याखाली आजीची जुनी गोधडी चौपदरी घालून टाकली, त्यानंतर काकू काही बोलल्या नाहीत, पण गणपतीत प्रसाद द्यायला आल्या तेव्हा खोलीत डोकावून गेल्या, गोधडी बघून हळहळल्या.

आणि लाइट. गुरुवारी सकाळी दुरुस्तीसाठी आमच्याकडे लाइट जाते हे मला माहीत होतं, पण पुण्यात राहून पण डोक्यातून गेलं. वर्क फ्रॉम होम होतं, म्हटलं दहाला मीटिंगच्या आधी उरकू, तर इंटरव्हलच्या (थोडा वेळ जोर, थोडा आराम) ऐन मध्यावर लाइट गेली, रेझिस्टन्स गेला, पाय एकदम हवेत फिरल्यासारखे, पंखा बंद, वायफाय बंद, ॲप बंद. ट्रेनरला आत बॅटरी नसते, माझ्यात तरी नाही. तेव्हापासून गुरुवार सुट्टी.

जे ट्रेनरने अजिबात दिलं नाही ते सांगते. डिसेंबरात एवढी भारी वर गेले गडावर, आणि उतरताना तिसऱ्या वळणावर हात थरथरायला लागले. पाच-सहा महिन्यांत ब्रेक दाबायची सवयच गेली होती, तळवे, मनगटं, मान सगळं बोंबलत होतं. वळणावर बारीक खडी होती ती मला उशिरा दिसली, समोरून जीप, आणि मी रस्त्याच्या इतकी मधे होते की त्या ड्रायव्हरने काच खाली करून जे बोललं ते बरोबरच होतं. पुढे एका झाडाखाली थांबले, पाच मिनिटं हात झटकत बसले. पाय तयार होते, डोळे आणि हात नव्हते. घरात खड्डा नाही त्यामुळे खड्डा बघायची सवय जाते. आता आठवड्यात तीन दिवस आत आणि एक दिवस बाहेर असं ठेवलंय, त्या एका दिवशी उताराचा रस्ता मुद्दाम धरते, कधी बोपदेव, कधी कात्रजचा जुना घाट, हळू, ब्रेकवर बोटं ठेवून.

मग घ्यावा का? नोकरी, मुलं, पाऊस या तिन्हीमधून तास काढायचा असेल आणि आठवड्यात तीनदा खरंच बसणार असाल तर हो. मजा म्हणून, सकाळच्या चहा-पोह्यांच्या राइडसाठी सायकल चालवत असाल तर हे पैसे घालू नका, कपडे वाळत घालायचा स्टँड आपल्याकडे आधीच आहे. घेतलाच तर पंखा त्याच दिवशी घ्या, गोलगोल फिरणारा नको, एका जागी जोरात मारणारा, तोंडावर नाही तर छातीवर येईल असा. आणि पहिल्या आठवड्यात बाहेरच्यापेक्षा दहा वॉट कमीच धरा, अंगाला उकाड्याची सवय व्हायला वेळ लागतो, माझी साधारण दोन आठवड्यांनी झाली, मग धाप तेवढी लागेना.

ट्रेनरला पाचपैकी चार, दुकानाला दोन (चहा चांगला होता), पंख्याला पाच.

मावसभावाचा काल परत फोन आला होता. पेडलं अजून माझ्याच सायकलला आहेत, त्याला म्हटलं एप्रिलचे आकडे घेऊन देते.